सोळा नंबरकडे जाणाऱ्या नळ्या

२३ नोव्हेंबर

आले एकदाची. सामान उतरवून व्हॅन गेली, खोक्यांच्या ढिगाऱ्यात किटली सापडली, चहा झाला आणि आता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ही नवी वही उघडली आहे. बर्मिंगहॅममध्ये अर्धं आयुष्य काढलं, पण तिथे रोजनिशी लिहावी असं कधी वाटलं नाही. लिहिण्यासारखं जे घडलं ते वकिलाने लिहून घेतलं.

थॉर्नक्लफ, माझं जन्मगाव, फारसं बदललेलं नाही. गिरणी बंद झाली तरी चिमणी तेवढी उभी आहे, आणि लोक अजून पावसाबद्दल असं बोलतात की जणू तो त्यांचा नालायक पुतण्याच. अल्मा स्ट्रीटवरचं चौदा नंबर आता माझं. रांगेतलं शेवटून दुसरं घर. शेवटचं सोळा नंबर रिकामं आहे, दाराखिडक्यांवर लोखंडी पत्रे ठोकलेत. दुसऱ्या बाजूला बारा नंबरमध्ये बेरिल नावाची सत्तरीची बाई राहते. मी व्हॅनमधून पाय खाली ठेवतेय तोच ती पार्किनच्या, म्हणजे आल्याच्या केकच्या, वड्यांची ताटली घेऊन हजर. अगं पोरी, म्हणाली, आधी डोक्याला काहीतरी गुंडाळ, इथला वारा पाहुण्यांची भीड ठेवत नाही. चोपन्नाव्या वर्षी कोणीतरी पोरी म्हटलं. आल्याचा वासही बऱ्याच वर्षांनी आला. मी तीन वड्या उभ्याउभ्याच खाल्ल्या.

हा सगळा खटाटोप डॅडसाठी आहे. आई गेल्यापासून ते खालच्या गावातल्या वृद्धाश्रमात आहेत. मी भेटायला गेले की एकच विचारतात, लोरेन, घरी कधी न्यायचं ठरलंय. या वेळी मी तारीख सांगून आले. त्याआधी वृद्धाश्रमाची एक बाई घर बघायला येणार आहे. जिन्याला कठडा हवा, पलंग खालच्या मजल्यावर हवा आणि घर उबदार हवं. गेल्या हिवाळ्यात डॅडची छाती दोनदा भरली. पुन्हा भरली तर, असं म्हणून डॉक्टरांनी वाक्य तिथेच सोडलं होतं. म्हणजे ऊब पाहिजे. बाकीचं मी बघून घेईन.

२५ नोव्हेंबर

दिवसभर घासपूस. बॉयलर स्वयंपाकघरात आहे, जुना पण मुकाट चालणारा. त्याच्या पोटावरच्या दाबाच्या काट्याने दीडवर बैठक मारली आहे, आणि तो तिथेच असायला हवा हे मलाही कळतं. वरच्या खोल्या छान तापतात. पुढची खोली मात्र, जी डॅडना द्यायची आहे, ती बर्फाची पेटी. तिथली सोळा नंबरला लागून असलेली भिंत तर हाताला चावते. त्या भिंतीत जुनी कोळशाची शेगडी आहे, फळी मारून बंद केलेली.

दुपारी जिन्याखालचं कपाट साफ करताना कारण सापडलं. जमिनीतून दोन तांब्याच्या नळ्या वर येतात आणि त्याच भिंतीत शिरतात. दोन्हींवर छोटे कॉक, दोन्ही बंद, वरून पांढऱ्या रंगाचा जाड थर. कोणीतरी रंगवताना बंद करून विसरलं असणार, पुरुषांची कामं ती. मी हातोडीने हलके ठोके देऊन रंग फोडला आणि दोन्ही दांड्या फिरवल्या. बराच वेळ भिंतीत पाण्याची खळखळ ऐकू येत राहिली. काटा थोडा खाली आला, तो बॉयलरखालच्या चंदेरी नळीतून पाणी भरून पुन्हा वर आणला.

संध्याकाळपर्यंत भिंत कोमट झाली होती. डॅडची उंच पाठीची खुर्ची मी तिला टेकवून ठेवली आणि जरा वेळ स्वतःच बसून पाहिलं. पाठीला शेक बसत होता. इतकी सोपी गोष्ट आधीच्या लोकांना सुचू नये याचं नवल वाटलं.

२८ नोव्हेंबर

सकाळी उठले तर घर गार. बॉयलर बंद, काटा शून्याजवळ. पाणी भरलं, चालू झाला. शाळेच्या स्वयंपाकघरातली माझी नवी नोकरी करून परत येते तो काटा पुन्हा खाली. पुन्हा भरलं. काल हेच झालं होतं, परवाही.

पाणी जातं कुठे ते कळत नाही. प्रत्येक रेडिएटरच्या सांध्याला टिश्यू पेपर गुंडाळून ठेवले, सगळे कोरडे. छताला डाग नाही, सतरंजी ओली नाही. माझा संसार मोडायला आला तेव्हासुद्धा आधी कुठेतरी ओल दिसली होती. बेरिल म्हणते, नेव्हिलला बोलाव, या खोऱ्यातल्या निम्म्या बॉयलरांना तो नावाने ओळखतो.

२ डिसेंबर

नेव्हिल येऊन गेला. पासष्टीचा, लांब चेहऱ्याचा माणूस, बूट दाराबाहेर काढून मोज्यांवर घरात फिरतो. एका मोज्याला भोक होतं. ते माझ्या लक्षात आलेलं बघून म्हणाला, बायकोने न शिवता मागे ठेवलेलं भोक आहे, तिची आठवण म्हणून ठेवलंय.

त्याने आधी बाहेरच्या भिंतीतून निघालेल्या तांब्याच्या नळीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधली. दाब जास्त झाला तर बॉयलर तिथून पाणी थुंकतो, पिशवीत जमलं तर चोर सापडला. मग बॉयलरच्या पोटातल्या हवेच्या डब्याला सायकलचा पंप लावून पाहिला. तो ठणठणीत निघाला. मी म्हटलं, पाणी हवेत विरून जात असेल. तर म्हणाला, पाणी म्हणजे काही तुझा नवरा नाही पोरी, न सांगता जात नाही, जाताना कुठेतरी खूण ठेवतंच.

जिन्याखालचं कपाट मी उघडून दाखवायला लागले, तर म्हणाला, तिथे काही नाही, त्या नळ्या मेलेल्या आहेत, मला ठाऊक आहे. मी कॉक उघडले हे सांगायला हवं होतं, पण जाणकार माणसासमोर आपला शहाणपणा उघडा पाडायला लाज वाटली.

४ डिसेंबर

पिशवी कोरडी. मग नेव्हिलने बॉयलरखालचे दोन मोठे कॉक बंद केले, म्हणजे बॉयलर एकीकडे आणि घरभरच्या नळ्या दुसरीकडे. एक दिवस तसंच ठेवायला सांगितलं. मी कोट घालून स्वयंपाक केला. आज सकाळी काटा होता तिथेच, तसूभर हलला नव्हता. म्हणजे बॉयलर निर्दोष, पाणी घरातल्या नळ्यांतून जातंय.

त्याने दोन खोल्यांच्या जमिनीतल्या फळ्या उचकटल्या. खाली धूळ आणि एक जुनं बटण, ओल कुठेच नाही. शेवटी डोकं खाजवत त्याने जिन्याखालचं कपाट स्वतःच उघडलं, आणि वाकून दांड्यांवरचा फुटलेला रंग बोटाने चाचपला. मग विचारलं, हे कोणी उघडले. मी सांगितलं. तो म्हणाला, हे मी स्वतः बंद केले होते, वरून रंगही मीच दिला, पुन्हा कोणाचा हात लागू नये म्हणून.

गळती तिथेच आहे का, असं मी विचारलं. हो म्हणाला, बंद केलेस की थांबेल. मग करा ना बंद, मी म्हटलं. नेव्हिलने मान हलवली. मी एकदा केलेत, म्हणाला, माझ्याच्याने पुन्हा होणार नाही. तुला करायचे तर कर, मी तुला काही म्हणणार नाही. हत्यारं गोळा करून तो निघून गेला. चहा तसाच राहिला.

५ डिसेंबर

बेरिलला धरून बसवलं. आधी हवापाणी झालं, शेजाऱ्याच्या मांजराचं झालं, मग ती बोलती झाली.

सोळा नंबरमध्ये एडना राहायची. जन्मभर गिरणीत विणकर, लग्न केलं नाही. चौदामध्ये, म्हणजे माझ्या या घरात, तिचा भाऊ वॉल्टर. त्याने घरात बॉयलर बसवला तेव्हा भिंतीला भोकं पाडून बहिणीच्या पुढच्या खोलीत एक रेडिएटर दिला. माझ्या घरात मी तापून बसू आणि ती तिकडे कुडकुडणार, हे मला जमायचं नाही, म्हणाला होता. पुढे वॉल्टर गेला, घर एका दक्षिणेकडच्या जोडप्याने घेतलं. त्या नळ्यांचं त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि एडना स्वतःहून सांगणाऱ्यांतली नव्हती. उगाच कोणाला त्रास कशाला, हे तिचं पालुपद.

मग तो मोठ्या गारठ्याचा नाताळ आला. बेरिल बहिणीकडे मोरकॅमला गेली होती. एडना पुढच्या खोलीत पडली, मांडीचं हाड मोडलं. स्वयंपाकघरातल्या नळापर्यंत जाता येईना. पण रेडिएटर हाताशी होता, आणि हवा काढायची ती छोटी पितळी किल्ली त्यातच लावलेली होती. तिने ती फिरवली आणि थेंब थेंब पाणी प्यायला लागली.

इकडे चौदामध्ये काटा खाली यायला लागला. जोडप्याने नेव्हिलला बोलावलं. त्याने आपलं काम चोख केलं. एकेक फाटा बंद करून पाहिला, या फाट्यावर गळती सापडली, मेलेला फाटा समजून कॉक फिरवले, काटा स्थिर झाला. हस्तांदोलन झालं, नाताळचे गोड मिन्सपाय खाल्ले, सगळे खूश. तिकडे एका झटक्यात ऊबही गेली आणि पाणीही.

मग ठोके सुरू झाले. आमच्या या गिरणीवाल्यांच्या घरांत, माझ्या लहानपणीही, जुना रिवाज होता, मदत हवी असली की शेगडीच्या मागच्या भिंतीवर सळईने ठोकायचं. दोन, थांबून एक. पलीकडचा माणूस हातातलं टाकून यायचा. माझे डॅड तर एकदा अर्धी दाढी करून धावले होते. पण त्या जोडप्याला हे कुठून ठाऊक असणार. त्यांना वाटलं, नळ्यांत हवा अडकली. त्यांनी घरातल्या सगळ्या रेडिएटरांची हवा काढली. तरी ठोके चालूच. शेजारी जाऊन विचारावं असं त्या जोडप्यातल्या बाईच्या मनात एकदा आलं होतं, पण सणासुदीच्या दिवसांत म्हाताऱ्या बाईला कशाला त्रास द्या, असं म्हणून राहिली.

बेरिल परत आली तेव्हा एडना सापडली. किल्ली मुठीत होती आणि ओठ काळे झाले होते, त्या रेडिएटरमधल्या पाण्याने. बेरिलने हे सांगितलं आणि तिला हुंदका आवरेना. आम्ही दोघी हात धरून बसलो.

जाताना मी विचारलं, तिथला रेडिएटर आता कोण उघडतंय. बेरिलने चष्मा पुसला आणि म्हणाली, पोरी, तू उघडलेस ना कॉक, मग आता भरत राहा.

७ डिसेंबर

बंद केले.

दोन दिवस भरून पाहिलं. मी शाळेत जाते तेव्हा काटा पडतो, बॉयलर विझतो, घर थंड होतं. तीन दिवसांनी वृद्धाश्रमाची ती बाई घर बघायला येणार. तिला काय सांगू, शेजारची मेलेली बाई पाणी पिते म्हणून? वृद्धाश्रमात डॅड खिडकीशी सामान बांधून बसलेत, खरोखर बांधून, मी पाहिलंय. मेलेल्यांना तहान नसते. रिकाम्या घरातला सडका रेडिएटर गळत असेल, बस.

हे सगळं स्वतःला समजावून सांगितलं आणि दांड्या फिरवल्या. तरी शरम वाटली. कपाटात बसून मी भिंतीला सॉरी म्हटलं, मोठ्याने.

१० डिसेंबर

काटा दीडवर. बाई आली, कठड्याला हात लावून पाहिला, पुढच्या खोलीत हातमोजे काढले आणि म्हणाली, इथून हलूच नये असं वाटतं. मी तिथे विजेचा हीटरही ठेवला होता. पास झाले.

१२ डिसेंबर

डॅड घरी आले. दारातच थांबून त्यांनी चौकटीवरून हात फिरवला. मग खुर्चीत बसून दोन वाट्या मटण-बटाट्याचा हॉटपॉट खाल्ला आणि तिसरी मागितली. वृद्धाश्रमातली माणसं चांगली होती, म्हणाले, पण बटाट्याशी त्यांचं काय वैर होतं कोण जाणे.

गिरणीतल्या मागांच्या आवाजाने त्यांचे कान तरुणपणीच गेले. गिरणीतली सगळी माणसं ओठांनी बोलायची, आवाज न काढता, तोंड मोठं मोठं हलवून. मी लहानपणी डॅडकडूनच ते वाचायला शिकले. आजही आम्ही तसेच बोलतो. बेरिल आली तेव्हा डॅड चौऱ्याऐंशी वर्षांचे गुडघे कुरकुरवत उठले आणि खुर्ची तिला दिली. बाई उभी असताना ते कधी बसलेले मला आठवत नाहीत. बसमध्येही असंच करायचे. आई चिडायची, म्हणायची, हा माणूस एक दिवस मला उभी ठेवून माझीसुद्धा जागा देऊन टाकेल.

आज मी सुखात आहे. हे लिहून ठेवते.

१४ डिसेंबर

दुपारी जेवताना आवाज आला. दोन, थांबून एक.

मी ताटाकडे बघत राहिले. डॅडना ऐकू येत नाही. पण त्यांनी चमचा खाली ठेवला, मागे वळून तळवा भिंतीला लावला. हातालाच कळतं त्यांना. माझ्याकडे बघून ओठांनी विचारलं, शेजारी कोण आहे. मी ओठांनी सांगितलं, कोणी नाही, नळ्यांत हवा अडकली आहे.

सांगून झाल्यावर मला कळलं मी काय म्हटलं ते.

१५ डिसेंबर

सगळ्या रेडिएटरांची हवा काढली. हवा नव्हतीच. सगळीकडून पाणी आलं, काळं, शाईसारखं.

काटा दीडवर. ठोके दिवसभर. डॅड म्हणाले, लोरेन, कोणी ठोकतंय आणि आपण बसून आहोत, हे बरं दिसत नाही. बेरिलही घरी नाही. सकाळी मोरकॅमला गेली, बहिणीकडे. जाताना मला मिठी मारली.

१६ डिसेंबर

चहा घेऊन खोलीत गेले तर डॅड खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसले होते. ओठ हलत होते. थांबायचे, बघायचे, मान डोलवायचे, पुन्हा बोलायचे. दोन मागांच्या मधून बोलतात तसं.

कोणाशी, मी विचारलं. म्हणाले, खोऱ्यातलीच आहे, विणकर आहे. फार तहानली आहे बिचारी. आणि गारठली आहे.

मी जाऊन कॉक उघडले.

१७ डिसेंबर

ठोके थांबले. काटा पडला. भरला, पडला. भरला. आज शाळेत गेलेच नाही, बॉयलरखाली बसून होते. ती आता एवढं पिते की मला पुरत नाही. दुपारी बॉयलर विझला तो पेटेचना. डॅडची नखं निळी. खोकला सुरू झाला, खोल, गेल्या वर्षीचा.

माझ्यापुढे दोनच माणसं आहेत आणि त्यातलं एक मेलेलं आहे. मी कॉक बंद केले. तासाभराने बॉयलर पेटला.

ठोके लगेच.

१९ डिसेंबर

रात्रीपासून बर्फ. रस्ता बंद. नेव्हिल फोन उचलत नाही.

डॅड माझ्याशी बोलत नाहीत. फक्त भिंतीशी. आज मी दारात उभी राहून त्यांचे ओठ वाचले. ते म्हणत होते, छे छे, त्रास कसला. तुम्ही उभ्या आणि मी बसलेला, हे शोभतं का. तुम्ही इकडे या, या खुर्चीत बसा, इथे ऊब आहे. मी येतो तिकडे.

मी धावत जाऊन त्यांचं तोंड हाताने झाकलं. बापाचं तोंड. त्यांनी माझ्याकडे लहानपणी चोरी पकडल्यावर बघायचे तसं बघितलं. म्हणाले, लोरेन, तुला असं वाढवलं नव्हतं आम्ही.

पुढच्या दाराला कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात.

२० डिसेंबर

ठोके नाहीत. सकाळपासून एकही नाही.

डॅड शांत. माझ्या हाताचा मुका घेतला. काटा दीडवर.

हे मला आवडत नाही —

२१ डिसेंबर, सकाळ

खुर्ची रिकामी. पलंग रिकामा. दार उघडं. किल्ली अजून माझ्या खिशात आहे.

बर्फात सपातांचे ठसे, दारापासून सोळा नंबरच्या पत्र्यापर्यंत. परत येणारे नाहीत. पत्र्याचे खिळे जागच्या जागी, गंजलेले. मी हातांनी ओढला. नखं निघाली. हलत नाही.

पोलिसांना फोन केला, वडील शेजारच्या घरात अडकलेत म्हणून. बर्फ काढायची गाडी आल्याशिवाय वर येता येणार नाही म्हणाले. तोवर त्यांना उबदार ठेवा म्हणाले —

तीच सकाळ, नंतर

ठोके. दोन, थांबून एक. पण हे डॅडचे. ते शेवटचा ठोका नेहमी हलका देतात. दाराला असाच द्यायचे, आई झोपलेली असेल म्हणून.

कॉक उघडले. दोन्ही. वही घेऊन इथेच कपाटात बसले आहे, इथून स्वयंपाकघरातला काटा दिसतो. काटा खाली येतोय. पीत आहेत. पाणी मिळतंय त्यांना. काळं का असेना, मिळतंय. पुन्हा भरून आले. पुन्हा खाली. हळूहळू प्या डॅड. मी आहे. मी बंद करणार नाही —

दुपार

पुढच्या खोलीत खुर्ची करकरली.

दार उघडं आहे. मला खुर्चीची पाठ दिसते. वर पांढरे केस. डॅडना केस नाहीत.

ती वळली. लहानशी बाई, नीट बटणं लावलेली. ओठ काळे. हात शेकत होती. माझ्याकडे बघून हसली, ओशाळून, आगाऊ वाटू नये म्हणून हसतात तसं. आवाज नाही. नुसते ओठ. मला वाचता येतात. नको म्हटलं तरी येतात.

म्हणाली, उगाच तुला त्रास नको म्हणून इतके दिवस आले नाही.

म्हणाली, तुझे वडील फार भले गृहस्थ आहेत.

मी रडतेय. मी म्हटलं, त्यांना परत द्या. तिने कानाला हात लावला. गिरणीवाली. मी ओठांनी म्हटलं. तिने ऐकून घेतलं. मान हलवली, अगदी हळहळून. मग शाल ओढून घेतली —

बॉयलर विझला. काटा शून्यावर. भिंतीत ठोके, दोन, एक. दोन, एक —

ती म्हणते, गार पडायला लागलं गं.

ती म्हणते, तिकडे गळतंय कुठेतरी. तो कॉक बंद कर, पोरी.

नाही. वही गुडघ्यावर आहे, पेन उजव्या हातात आहे, मी लिहीत राहीन, लिहीत राहिले तर डावा हात — डावा हात दांडीवर आहे. मी ठेवलेला नाही. फिरतोय. डॅड, मी नाही फिरवत, डॅड —

दोन. थांबून